बाहेरचा घास, घरचा डबा

(संस्थेच्या महोत्सवानिमित्त कॅम्प, बेळगाव येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून शिक्षण, समाजसेवा, चारित्र्य असे भारदस्त विषय मांडले जावेत, अशी आपली रूढी आहे. ती क्षणभर बाजूस ठेवून आम्ही आज हातगाडीवरच्या व लहानसहान हॉटेलांतल्या खाण्याविषयी, आणि त्यातही ते खाणे बांधून घरी आणण्याविषयी, चार शब्द बोलणार आहोत. विषय ऐकून मागच्या रांगेतील तरुण मंडळींना हसू आलेले दिसते आणि पुढच्या रांगेतील काही वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी पडलेलीही दिसते. दोघांचाही मान राखून आम्ही म्हणतो की, हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा उरलेला नाही.

आपल्या सभासदांच्या घरांकडे पाहा. ज्या घरात एके काळी पंधरा पाने मांडली जात, त्या घरात आज दोन माणसे आहेत. काही घरांत तर एकच. मुले पुण्यास, मुंबईस, बंगळूरास, कोणी समुद्रापलीकडे. गुडघे धरलेले, डोळ्यांना कमी दिसणारे, अशा माणसाने एकट्यासाठी संध्याकाळी कणीक मळावी ती किती? मग कोपऱ्यावरच्या गाडीवरून एक पुडा येतो आणि त्यावर रात्र निघते. जी तरुण जोडपी नोकरीवरून दिवेलागणीनंतर परततात, त्यांचेही तेच. पूर्वी बाहेरचे खाणे ही चैन होती. आज कित्येक घरांचे ते रात्रीचे जेवण आहे. आणि जे जेवण आहे, त्याचा विचार जेवणासारखाच झाला पाहिजे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: बाहेरचे अन्न घरी आणण्यात कमीपणा नाही; परंतु ते आणण्याची रीत आपण अजून घडविलेली नाही. ती रीत घडविण्याचे काम घराघराने आणि आपल्यासारख्या संस्थेने मिळून करावयाचे आहे.

प्रथम जुन्या गोष्टीचा निकाल लावू. 1818 साली बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला, पुढे छावणी वसली, आणि आपला हा कॅम्प उभा राहिला. 1922 पासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र येथे आहे. छावणी म्हटली की घर सोडून आलेली माणसे आली. आणि घर सोडून आलेल्या माणसाला कोणी तरी रांधून घालावेच लागते. त्यामुळे बाहेर खाण्याची ओळख कॅम्पाला शहरातल्या गल्ल्यांच्या आधी झाली असली, तर नवल नाही. गल्ल्यांतून मात्र “बाहेरचे खाल्ले” हा बराच काळ अपराधच होता. अपराध कशाचा? पाणी गढूळ होते किंवा तेल जुने होते म्हणून नव्हे. रांधणारा हात कोणत्या जातीचा, हा प्रश्न होता. खानावळींच्या पाट्यांवर जात लिहिलेली असे, आणि कित्येक हॉटेलांतून काही माणसांसाठी कपबशी वेगळी, बाहेर ठेवलेली असे.

या सीमाभागाला हे सांगण्याचा विशेष अधिकार आहे. आपल्या निपाणीस 1925 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची परिषद भरली होती. पंचवीस वर्षांनी अमलात आलेल्या घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने व उपाहारगृहे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेथे जातीवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही, असे ते कलम सांगते. 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने असा मज्जाव शिक्षेस पात्र ठरविला. तात्पर्य, “कोणाच्या हातचे?” हा प्रश्न आपण कायमचा टाकून द्यावा आणि त्याच्या जागी “कोणत्या पाण्याचे? किती वेळापूर्वीचे? कशात बांधलेले?” हे तीन प्रश्न ठेवावेत. जुना प्रश्न माणसाचा अपमान करीत असे. हे तीन प्रश्न खाणाऱ्याचे व रांधणाऱ्याचे दोघांचेही भले करतात.

अन्न बांधून नेणे ही काही परक्यांची देणगी नव्हे. आपल्या आज्यांची शिदोरी आठवा. प्रवासाला निघणाऱ्याबरोबर दशमी दिली जाई. तिची कणीक दुधात मळलेली, पाण्याचा थेंब नसलेली, म्हणून ती दुसऱ्या दिवशीही मऊ राही व विटत नसे. बरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी. बेळगावचे मांडे कोरडे, घडी घालून ठेवलेले. कुंदा म्हणजे दूध आटवून साखरेसह तांबूस होईतो परतलेला. गोकाकचा करदंट डिंक, गूळ आणि सुक्या मेव्याचा. पाणी घटले की अन्न टिकते, हे शास्त्र त्या बायकांनी कोणत्याही प्रयोगशाळेवाचून ओळखले होते. दूर न्यावयाचे ते कोरडे, आणि ओले असेल ते तेथल्या तेथे खावयाचे, हा त्यांचा दंडक होता. आजचा पुडा हा दंडक मोडतो. सांबार, रस्सा, चटणी, भात ही सगळी ओली मंडळी आपण बांधून नेतो. म्हणून काळजीही अधिक घ्यावी लागते.

नुसते उपदेश करणे बरे नव्हे, म्हणून आम्ही शेजारच्या चार घरांनी मिळून गेल्या पावसाळ्यात एक उपक्रम केला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आठवड्यातून दोन संध्याकाळी चार घरांचे खाणे बाहेरून आणावयाचे. आळीपाळीने एका घराने जावयाचे. जाताना प्रत्येक घराचा स्टीलचा डबा न्यावयाचा. आणि घेतल्याची वेळ, पानावर वाढल्याची वेळ व शिल्लक काय राहिले, हे वहीत टिपावयाचे. कॅम्पातल्या गाड्या झाल्या, खडेबाजार व गणपत गल्लीकडची लहान हॉटेले झाली, टिळकवाडीकडचा फेरा झाला. कामानिमित्त निपाणीस जाणे झाले तेव्हा तेथूनही आणून पाहिले. कोणाचेही नाव घेण्याचे कारण नाही. जे दिसले ते सांगतो.

डोसा हा पुड्याचा वैरी आहे. तव्यावरून उतरलेला कुरकुरीत डोसा झाकणाखाली घातला की त्याची वाफ झाकणाला लागून पाणी होते व तेच पाणी डोशावर पडते. घरी येतो तो ओल्या पंच्यासारखा. झाकण किंचित उघडे ठेवल्यास थोडे साधते. त्यापेक्षा आंबोळी किंवा सेट डोसा आणावा. तो मुळातच मऊ, त्याचे बिघडायचे काय? मिरची भज्यांचेही तसेच. ती गाडीपाशी उभे राहून खाण्याची वस्तू आहे. घरी आणण्याचा हट्ट धरू नये.

गिरमिटाचे नाव काढताच तरुणांचे डोळे चमकले. सुताराच्या गिरमिटाने लाकडाला भोक पडते. आपल्या सीमाभागातले गिरमिट मात्र चुरमुऱ्यांचे. कांदा-टोमॅटोची, चिंचगुळाची परतलेली गोळी, पुटाण्याचे पीठ, वरून कच्चा कांदा, कोथिंबीर. कालवून आणले तर वाटेत त्याचा लगदा होतो. चुरमुरे व पीठ एका डब्यात, परतलेली गोळी दुसऱ्यात, आणि कच्चा कांदा घरचा, स्वच्छ पाण्याने धुऊन चिरलेला, असे केले तर गाडीवरचीच चव घरी मिळते. भेळ व मिसळ यांनाही हाच नियम लागू. मिसळीची तर्री वेगळी आणावी, उकळी फुटेपर्यंत तापवावी, मग फरसाणावर घालावी.

सर्वांत उत्तम उतरले ते खानावळीचे जेवण. ज्वारीची पातळ कडक रोटी, भरली वांगी, झुणका, शेंगाची चटणी. रोटी कोरडी, चटणी कोरडी, भाजी चढत्या तेलात शिजलेली. शिदोरीचा जुना दंडक येथे आपोआप पाळला जातो. आमच्यापैकी ज्यांचे दात गेले आहेत त्यांनी रोटी आमटीत कुस्करून खाल्ली व समाधान मानले. एकट्या राहणाऱ्या वृद्धाने रोजचे काही लावावयाचे असेल, तर प्रथम चांगली खानावळ शोधावी, असे आमचे चार घरांचे एकमत आहे.

आता जेथे सावध राहिले पाहिजे ते सांगतो. पहिला भात. पुलाव, बिर्याणी, चित्रान्न, तळलेला भात, सगळे आले. तांदळात बॅसिलस सेरिअस नावाच्या जंतूची बीजे असतात. ती उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात शिजून कोमट अवस्थेत पडून राहिला की ती वाढीस लागतात व एक विष तयार करतात. ते विष पुन्हा तापवूनही जात नाही. म्हणून “गरम केला की झाले” हा समज भाताच्या बाबतीत खोटा आहे. 5 अंशांच्या खाली थंड किंवा 60 अंशांच्या वर गरम, यांच्या मधली जी कोमट पायरी आहे तीच जंतूंची पेरणीची वेळ. आणलेला भात दोन तासांच्या आत संपवावा. उरेलसे वाटल्यास लगेच पसरट भांड्यात निववून शीतकपाटात ठेवावा. सकाळचा पुडा रात्री उघडू नये.

दुसरे, न शिजलेली वस्तू. ओल्या नारळाची चटणी, कापून ठेवलेला कांदा, काकडी, फळे, बर्फ, पाणीपुरीचे पाणी. कढईतल्या उकळीत जंतू मरतात. चटणीला उकळी कोण देणार? पावसाळ्यात कावीळ व विषमज्वर येतात ते बहुधा पाण्याच्या वाटेने. गाडीवरून गरम वस्तू आणावी आणि थंड वस्तू घरची वाढावी, एवढ्या एका सवयीने निम्मी भीती जाते.

तिसरे तेल. तेच तेल पुन:पुन्हा तापले की काळे पडते, फेसाळते, चिकट होते, लवकर धुरावते. तळणीच्या तेलातील विघटित अंश 25 टक्क्यांवर गेला की ते तेल वापरू नये, असा नियम जुलै 2018 पासून देशभर लागू झाला. आपल्यापाशी मोजण्याचे यंत्र नाही. पण डोळे आहेत, नाक आहे. एके ठिकाणी आम्ही तेलाविषयी विचारले, तेव्हा कढईवर झाकण पडले. आम्ही पुढे गेलो. दुसऱ्या एका गाडीवर हाच प्रश्न विचारला, तर विक्रेत्याने झारा वर काढून तेलाची धार दिव्याच्या उजेडात दाखविली. तेथे आमची चारही घरे आजतागायत जातात.

चौथे रंग. गोबी मंचुरी आपल्या मुलांची लाडकी झाली आहे. ती लाल दिसावी म्हणून तीत काय घातले जाते, हे मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारने केलेल्या बंदीवरून सर्वांस कळले. गोबी मंचुरी व रंगीत बुढ्ढी के बाल यांतील कृत्रिम रंगांस मनाई झाली. त्यांतला रोडामाइन-बी हा तर कापड रंगविण्याचा रंग. त्याच वर्षी जूनमध्ये कबाबांच्या कृत्रिम रंगांसही मनाई झाली. गोबी फिकी दिसली म्हणून नाक मुरडणारे गिऱ्हाईकच रंग घालावयास लावते, हे मुलांना समजावून सांगावे. आणि वडीलधाऱ्यांसाठी मिठाची सूचना: जागतिक आरोग्य संघटना दिवसाकाठी 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगते. रक्तदाबाच्या माणसाने बाहेरच्या रश्श्याबरोबर घरी लोणचे-पापड घेऊ नये.

पाचवे, बांधणी, आणि येथे दोष बहुतेक आपलाच. एके काळी केळीचे पान, पळसाची पत्रावळ, द्रोण होते. मग वर्तमानपत्राचा कागद आला. छपाईची शाई गरम व तेलकट अन्नात उतरते. 2018 च्या वेष्टनविषयक नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधण्यास बंदी केली आहे. मग पातळ पिशवी आली, आणि तीत उकळता चहा व सांबार ओतले जाऊ लागले. कर्नाटकात मार्च 2016 पासून प्लास्टिकच्या पिशव्या, ताटल्या व पेल्यांवर बंदी आहे; 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले व चमचे यांना देशभर बंदी झाली. कायदे झाले, तरी पिशवी चालूच आहे, कारण आपण रिकाम्या हाती जातो. विक्रेत्याने सांबार ओंजळीत का द्यावे?

यास्तव आमचा सगळा आग्रह त्या स्टीलच्या डब्यावर आहे. डबा नेला की पिशवीचा प्रश्न मिटतो, हा लाभ लहान. मोठा लाभ असा की, डबा नेणाऱ्यास स्वतः जावे लागते. तो गाडीपाशी पाच-दहा मिनिटे उभा राहतो. पाणी झाकलेले आहे की नाही, हात धुण्यास काही सोय आहे की नाही, अन्न समोर शिजते आहे की दुपारचे आहे, हे त्याला आपसूक दिसते. रांधणाऱ्यालाही खाणारा दिसतो. “काकांना तिखट चालत नाही”, “आजींच्या डब्यात मऊ आंबोळ्या घाल” असे संवाद मराठीत, कानडीत, हिंदीत, जशी ज्याची जीभ वळेल तसे सुरू होतात. आमच्या उपक्रमात एक आजी चार दिवस डबा घेऊन आल्या नाहीत, तेव्हा गाडीवाल्या बाईंनी आपल्या मुलाला त्यांच्या दारी पाठविले. आजी तापाने पडून होत्या. शेजाऱ्यांना, म्हणजे आम्हाला, ती वार्ता गाडीवरून कळली. फोनवरून मागविलेल्या पुड्याला असे डोळे नसतात. तोही अडीअडचणीला उपयोगी आहे. चालता न येणाऱ्याने तो मागवावाच. पण ज्याचे पाय चालतात त्याने गाडीपर्यंत चालावे.

विक्रेत्यांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. नावडतीचे मीठ अळणी, तशी गाडीवाल्याची प्रत्येक गोष्ट आपणास मळकट दिसते. वस्तुस्थिती अशी की, ज्या गाडीवर गर्दी असते तेथला माल रोजच्या रोज संपतो; शिळे उरतच नाही. अन्न आपल्या डोळ्यांदेखत उकळत्या आचेवर होते. मोठ्या हॉटेलाचे स्वयंपाकघर आपणास कोण दाखवितो? गाडीवाल्याची खरी अडचण पाण्याची आणि जागेची आहे. नळ लांब, मग एका बादलीत दिवसभराच्या बशा बुचकळल्या जातात. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्याच्या उपजीविकेला संरक्षण दिले, नगर विक्रेता समितीत निदान 40 टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या व त्यांतील एकतृतीयांश स्त्रियांना. या कायद्याच्या व्याख्येत छावणी मंडळेही येतात. पुढे 25 मार्च 2020 रोजी टाळेबंदी झाली, रस्ते ओस पडले. त्या जूनमध्ये केंद्र सरकारने स्वनिधी योजनेत विक्रेत्यांना प्रथम 10,000 रुपयांपर्यंत कर्ज देऊ केले. टाळेबंदीत हॉटेलांत बसून खाणे बंद आणि बांधून नेणे तेवढे चालू, अशी स्थिती होती. पुड्याची सवय अनेक घरांना लागली ती त्या दिवसांत.

परक्या घरांसाठी रांधून पोट भरणाऱ्या स्त्रियांची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकारी व्याजात बुडाल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले, बँकेचे कर्ज मिळवून दिले, आणि हजारो बायका ताठ मानेने उभ्या राहिल्या. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत व विड्यांच्या कामात आयुष्य वेचणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. अशा घरातली एखादी बाई संध्याकाळी भजी-आंबोळीची गाडी लावते, तेव्हा तिच्या कढईवर तिच्या मुलांची शाळा चाललेली असते. तिला स्वच्छतेसाठी बोलावयाचे तर अधिकाराने बोलू नये. मदत करून बोलावे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली: महोत्सवानिमित्त सभासदांना काही भेट द्यावयाची असेल, तर भिंतीवर टांगण्याची वस्तू देऊ नये, तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा व कापडी पिशवी द्यावी. दुसरी: आपल्या परिसरातील निवडक गाड्यांना तोटी असलेले, झाकणाचे पाण्याचे पिंप व साबणाची सोय संस्थेने करून द्यावी, आणि दर सहा महिन्यांनी एका डॉक्टरांकडून विक्रेत्यांसाठी आरोग्यतपासणी व चार हिताच्या गोष्टी सांगण्याची व्यवस्था करावी. तिसरी: जे सभासद एकटे राहतात व ज्यांना चालवत नाही, त्यांच्या डब्यासाठी तरुण मंडळींनी वार वाटून घ्यावेत. आठवड्यातून एक संध्याकाळ प्रत्येकाच्या वाट्यास येईल. काम अर्ध्या तासाचे आहे. या तिसऱ्या सूचनेला पैसा लागत नाही, म्हणून ती सर्वांत अवघड आहे.

मनात मांडे खाऊन कोणाचे पोट भरत नाही. सभा संपल्यावर दाराशी एक वही ठेवली आहे; ज्या तरुणांना वार घ्यावयाचा असेल त्यांनी तीत नाव व वार लिहावा. ज्या वडीलधाऱ्यांना डबा हवा असेल त्यांनीही संकोच न करता लिहावे. या संस्थेने आजवर विद्यार्थ्यांना वह्या-पुस्तके दिली, आजाऱ्यांना औषधे दिली. आपल्याच सभासदाच्या रात्रीच्या गरम घासाची काळजी त्या कार्याच्या पंक्तीत बसण्याजोगी आहे, असे आम्हास वाटते.